मूरचा ‘नियम’ : निसर्गाचा की माणसांचा?

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात बोलायला गेले होते. विषय होता ‘संगणकाच्या आतले भौतिकशास्त्र’. मायक्रोप्रोसेसर गेल्या पन्नास वर्षांत कसा बदलत गेला हे सांगताना मी नेहमीचा आलेख दाखवला. डावीकडून उजवीकडे सरळ चढत जाणारी रेषा आणि तिच्याखाली ‘मूरचा नियम : दर अठरा महिन्यांनी दुप्पट’ ही ओळ. चहाच्या सुटीत नववी-दहावीला शिकवणारे एक सर जवळ आले आणि म्हणाले, “मॅडम, एक अडचण आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, न्यूटनचा नियम, ओहमचा नियम, बॉईलचा नियम हे कधी मोडत नाहीत. मग मूरचा नियम मोडला अशी बातमी पेपरात कशी येते? आणि जो मोडतो त्याला नियम कशाला म्हणायचं? मी त्याला गप्प केलं, हे परीक्षेला येत नाही म्हणालो. पण तेव्हापासून मलाच चैन नाही.”

“तो तसा नियम नाही, निरीक्षण आहे,” एवढे सांगून मी वेळ मारून नेली. घरी परतताना मात्र लक्षात आले, की ज्या लेखातून हा ‘नियम’ आला तो मी स्वतः कधी वाचलेला नव्हता. आलेख दाखवला होता पन्नास वेळा. मग तो लेख मिळवून वाचला. तो चारच पानांचा आहे. वाचून झाल्यावर माझ्या आलेखाखालची ओळ मी खोडली. का खोडली, तेच या लेखात सांगायचे आहे.

मूळ लेखात काय आहे?

गॉर्डन मूर हे शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. १९६५ साली ते कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. इंटेल कंपनी त्यांनी रॉबर्ट नॉइस यांच्याबरोबर काढली ती पुढे, १९६८ मध्ये. ‘इलेक्ट्रॉनिक्स’ नावाच्या व्यावसायिक नियतकालिकाला पस्तीस वर्षे झाली म्हणून काढलेल्या अंकासाठी, पुढील दहा वर्षांत काय होईल यावर त्यांना लिहायला सांगितले होते. १९ एप्रिल १९६५ च्या अंकात त्यांचा लेख आला. सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर अधिकाधिक घटक कसे ठासून बसवता येतील, हा त्याचा विषय.

लेखात प्रोसेसरचा वेग वाढेल असे भाकीत मध्यवर्ती नाही. किंबहुना मायक्रोप्रोसेसर हा शब्दच नाही, कारण तो अजून जन्मालाच यायचा होता. मूर यांचा प्रश्न वेगळा आणि अगदी व्यवहारी आहे : एका चिपवर किती घटक ठेवले तर प्रत्येक घटक सर्वांत स्वस्त पडतो?

हा प्रश्न समजायला शंकरपाळ्यांचे उदाहरण घेऊ. आपण पिठाची एक मोठी पोळी लाटली आहे आणि तिच्यात कुठेकुठे दहा बारीक खडे राहिले आहेत. ज्या शंकरपाळ्यात खडा, ते बाद. पोळीचे शंभर लहान तुकडे केले तर फार तर दहा बाद होतील, नव्वद चांगले मिळतील. पण तिचे दहाच मोठे तुकडे केले, तर सरासरी सहा-सात बाद होतील. सिलिकॉनच्या चकतीवरही असेच सूक्ष्म दोष विखुरलेले असतात. एका चिपवर जास्त घटक ठेवले तर वेष्टन, तारा जोडणे, तपासणी हा चिपमागचा ठरावीक खर्च अधिक घटकांत वाटला जातो आणि घटक स्वस्त पडतो. पण घटक वाढवायचे म्हणून चिप मोठी केली की बाद होणाऱ्या चिपांचे प्रमाण वाढते आणि घटक महाग पडू लागतो. या दोन ओढींच्या मध्ये कुठेतरी एक सर्वांत किफायतशीर संख्या असते. १९६५ मध्ये ती साधारण पन्नास होती. तंत्र सुधारेल, दोष कमी होतील, रेषा बारीक आखता येतील, तसतशी ही संख्या पुढे सरकेल, असा मूर यांचा युक्तिवाद आहे.

किती वेगाने सरकेल? १९५९ चा एक आणि १९६२ ते १९६५ या वर्षांचे चार, असे पाच बिंदू त्यांनी आलेखावर मांडले. त्यांतून दर वर्षी साधारण दुप्पट असा वेग दिसला. तीच रेषा पट्टीने पुढे वाढवून १९७५ मध्ये एका चिपवर ६५,००० घटक असतील असे त्यांनी सांगितले. हे गणित विद्यार्थ्यांनाही जमेल : १९६५ चे साधारण ६४ घटक म्हणजे दोनाचा सहावा घात, दहा दुपटींनंतर दोनाचा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६.

पाच बिंदूंवरून दहा वर्षांचे भाकीत! आपल्या प्रयोगवहीत एखाद्या विद्यार्थ्याने असे केले तर आपण लाल शाईने शेरा मारू. पण मूर यांची बाजूही पाहिली पाहिजे. हा दर पुढील थोड्या काळापुरता भरवशाचा आहे, त्यानंतरचे अधिक अनिश्चित आहे, निदान दहा वर्षे तरी तो टिकू नये असे कारण दिसत नाही, एवढेच ते म्हणतात. स्वतःच्या विधानाला त्यांनी स्वतःच मुदत घातली आहे. त्यांनी त्याला नियमही म्हटलेले नाही. ‘मूरचा नियम’ हे नाव सत्तरच्या दशकात रूढ झाले, आणि त्याचे श्रेय सामान्यतः कार्व्हर मीड या प्राध्यापकांना दिले जाते.

लेखाचे गुण आणि उणिवा

लेखाची दूरदृष्टी आजही चकित करते. घरगुती संगणक, मोटारीतील स्वयंचलित नियंत्रण, जवळ बाळगता येईल असे संपर्काचे साधन यांचा त्यात उल्लेख आहे. दुकानात सौंदर्यप्रसाधनांशेजारी घरगुती संगणक विकायला ठेवला आहे, असे एक व्यंगचित्रही त्यासोबत छापले होते. त्या काळी संगणक खोलीभर जागा व्यापत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेचे मोल कळते.

तरीही हा लेख तटस्थ माणसाने लिहिलेला नाही, हे विसरता कामा नये. ज्या कंपनीचा माल विकला जावा असे वाटते, त्या कंपनीचा संशोधनप्रमुख ग्राहकांना सांगतो आहे की थोडे थांबा, हा माल स्वस्त होणार आहे. त्यात खोटे काही नाही. पण भाकिताबरोबर त्यात आवाहनही आहे, आणि ‘नियम’ हे नाव मिळाल्यावर ते आवाहन झाकले गेले.

दुसरी उणीव उष्णतेची. इतके घटक दाटीवाटीने बसवल्यावर निर्माण होणारी उष्णता काढता येईल का, हा प्रश्न मूर यांनी प्रामाणिकपणे विचारला आहे. पण उत्तर एका लहानशा परिच्छेदात आटोपले आहे : चिप सपाट असल्याने थंड करायला पृष्ठभाग मिळतो आणि घटक लहान झाले की त्यांना वीजही कमी लागते. जवळजवळ चाळीस वर्षे हे उत्तर पुरले. मग ते अपुरे पडले. त्याकडे पुढे येऊ.

तिसरी उणीव कल्पनेची आहे, आणि ती मला सर्वांत बोधप्रद वाटते. घटकांची संख्या वाढेल हे मूर यांनी ओळखले, पण त्या घटकांचे करायचे काय, याचे जे उत्तर पुढे निघाले ते लेखात नाही. ते निघाले एका अडचणीतून. बिझिकॉम या जपानी कंपनीला आकडेमोडीच्या यंत्रांसाठी वेगवेगळ्या कामांच्या अनेक चिपा इंटेलकडून हव्या होत्या. प्रत्येक कामाची वेगळी चिप करण्याऐवजी आज्ञावली बदलून कोणतेही काम करू शकेल अशी एकच चिप करावी, असे टेड हॉफ यांनी सुचवले. स्टॅन मेझर आणि बिझिकॉमचे मासातोशी शिमा यांनी आराखड्यावर काम केले आणि फेडेरिको फॅजिन यांनी ती सिलिकॉनवर उतरवली. नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आलेल्या या ‘४००४’ वर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आलेखावरची रेषा हा बिंदू सांगू शकते. तो का आला, हे ती सांगू शकत नाही.

अठरा महिने आले कुठून?

१९७५ मध्ये मूर यांनी आपल्या भाकिताचा पुन्हा आढावा घेतला. सर्किटांची मांडणी अधिक चतुराईने करून मिळणारा फायदा आता संपत आला आहे, तेव्हा पुढे वाढ मंदावेल आणि दुप्पट व्हायला साधारण दोन वर्षे लागतील, असे त्यांनी सांगितले. म्हणजे ‘नियम’ करणाऱ्यानेच दहा वर्षांत त्याचा आकडा बदलला. ओहम यांना असे काही करावे लागले नव्हते!

मग अठरा महिने? ते मूर यांचे नाहीतच. इंटेलमधील डेव्हिड हाउस यांनी ट्रान्झिस्टरांची वाढती संख्या आणि त्यांचा वाढता वेग या दोन्हींचा हिशेब करून प्रोसेसरची कार्यक्षमता अठरा महिन्यांत दुप्पट होईल असे म्हटले होते. पुढे हे आकडे एकमेकांत मिसळले. संख्या, वेग आणि कार्यक्षमता या तीन वेगळ्या राशी एका वाक्यात कोंबल्या गेल्या, आणि त्या वाक्यावर मूर यांचे नाव पडले. मार्गदर्शकांमधून, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांमधून आणि माझ्यासारख्यांच्या व्याख्यानांमधून ते वर्गावर्गांत पोचले.

हा अठरा महिन्यांचा दावा तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. १९७१ चे २,३०० ट्रान्झिस्टर घ्या. २०२० मध्ये आलेल्या ऍपलच्या एम१ या चिपवर १६ अब्ज, म्हणजे १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. मधली वर्षे ४९. दर अठरा महिन्यांनी दुप्पट असेल तर या काळात बत्तीस दुपटी पूर्ण होतात आणि संख्या सुमारे ९ लाख ८८ हजार कोटी व्हायला हवी. प्रत्यक्षापेक्षा ती सहाशेपटींहून अधिक आहे! आता उलट जा. २,३०० ची दुप्पट करत राहिले तर बाविसाव्या दुपटीला सुमारे ९६५ कोटी आणि तेविसाव्या दुपटीला सुमारे १,९२९ कोटी येतात. आपले १,६०० कोटी या दोहोंच्या मध्ये आहेत. म्हणजे एका दुपटीला दोन वर्षांहून थोडा अधिक काळ. मूर यांचा १९७५ चा अंदाज किती नेमका होता, हेही यातून दिसते. (एम१ वर केवळ प्रोसेसर नाही, चित्रांसाठीची आणि इतर कामांची सर्किटेही आहेत. त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण सहाशेपटींचा फरक त्याने भरून निघत नाही.)

हा हिशेब मी पंधरा वर्षांपूर्वीच करू शकले असते. केला नाही, कारण ‘नियम’ हा शब्द ऐकला की आपण तपासणे सोडून देतो. या चुकीच्या नावाचा सर्वांत मोठा तोटा हाच आहे.

खरा नियम आडवा येतो

आता वेगाकडे वळू. प्रोसेसरचे काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. ४००४ चे ठोके सेकंदाला ७ लाख ४० हजार होते, म्हणजे ०.७४ मेगाहर्ट्झ. २००४ मध्ये आलेल्या पेंटियम ४ चे ठोके ३,८०० मेगाहर्ट्झ होते. तेहेतीस वर्षांत वेग पाच हजारपट झाला. आणि पुढच्या सोळा वर्षांत? २०२० च्या एम१ चे ठोके आहेत ३,२०० मेगाहर्ट्झ. ट्रान्झिस्टरांची संख्या शंभरपटींहून अधिक वाढली, ठोके मात्र वाढले नाहीत. असे का झाले?

१९७४ मध्ये आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर हिशेब मांडला होता. ट्रान्झिस्टरची सगळी मापे ०.७ पट करा आणि त्याला द्यायचे व्होल्टेजही ०.७ पट करा. क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणजे तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर मावतात. प्रत्येक ट्रान्झिस्टर साधारण १.४ पट वेगाने चालतो, तरी त्याला लागणारी शक्ती निम्मी होते. दुप्पट ट्रान्झिस्टर, प्रत्येकाची शक्ती निम्मी, म्हणून चौरस सेंटिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता पहिल्याइतकीच राहते. अधिक संख्या, अधिक वेग, आणि उष्णतेचा दंड नाही! मूर यांनी घाईने दिलेल्या उत्तरामागचे खरे गणित हे होते.

यातली कळीची अट व्होल्टेज कमी करत जाण्याची. आमच्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ८०८५ चा संच होता, त्याला ५ व्होल्ट लागत. २००४ पर्यंत प्रोसेसरचे व्होल्टेज सव्वा-दीड व्होल्टच्या घरात आले होते आणि तिथेच अडून बसले. आज वीस वर्षांनीही ते एक व्होल्टच्या आसपासच घुटमळते आहे.

त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. ट्रान्झिस्टर हा नळासारखा आहे. ठरावीक उंबरठा-व्होल्टेज ओलांडले की तो उघडतो, खाली आले की बंद होतो. पण तो पूर्ण कोरडा कधीच होत नाही, थोडी गळती राहते. पुरवठ्याचे व्होल्टेज कमी करायचे तर उंबरठाही खाली आणावा लागतो, नाहीतर नळ नीट उघडतच नाही. आणि उंबरठा खाली आणला की गळती वाढते. किती वाढते? नेहमीच्या तापमानाला, ट्रान्झिस्टर कितीही उत्तम केला तरी, उंबरठा ६० मिलिव्होल्टने खाली आणला की गळती दसपट होते. १२० ने आणला की शंभरपट. हा ६० चा आकडा कोणा कंपनीने ठरवलेला नाही. तापमान आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक यांचा गुणाकार, भागिले इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, म्हणजे २६ मिलिव्होल्ट, आणि त्याला १० च्या नैसर्गिक लॉगॅरिदमने, म्हणजे २.३ ने गुणले की ६० येतात. वायूंच्या गतिज सिद्धांतात आपण जो बोल्ट्झमनचा स्थिरांक शिकवतो, तोच हा. त्या प्रकारचा नेहमीचा ट्रान्झिस्टर वापरायचा, तर यातून सुटका नाही.

तेव्हा व्होल्टेज अडले, पण ट्रान्झिस्टर वाढत राहिले. ३,८०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला ११५ वॉट उष्णता बाहेर टाकावी लागे, आणि चिपचे क्षेत्रफळ होते चौरस सेंटिमीटरहून जरासेच अधिक. घरातल्या दीड हजार वॉटच्या विजेच्या शेगडीची तबकडी अठरा सेंटिमीटर व्यासाची धरली तर तिच्यात चौरस सेंटिमीटरमागे सहा वॉट पडतात. म्हणजे चिपच्या पृष्ठभागावर शेगडीच्या पंधरापटींहून अधिक शक्ती एकवटली होती. मे २००४ मध्ये इंटेलने याच मार्गावरचा पुढचा प्रोसेसर रद्द केला, आणि २००५ पासून एका चिपवर दोन प्रोसेसर बसवण्याचा मार्ग धरला. त्यालाही मर्यादा आहे. चार जणींनी मिळून स्वयंपाक केला तरी कुकरच्या शिट्ट्या तेवढ्याच वेळात होतात. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो हात वाढवून लवकर उरकत नाही. जीन ऍमडाल यांनी हे १९६७ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे पुढची प्रगती झाली ती ठोके वाढवून नव्हे, तर एका ठोक्यात अधिक काम करून आणि कामाप्रमाणे वेगवेगळी सर्किटे वापरून.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. मूरचा ‘नियम’ आणि बोल्ट्झमनचा नियम समोरासमोर आले, तेव्हा कोण मागे हटले ते पाहा.

एकच जिना नाही

या गोष्टीतली आणखी एक सवय मला खटकते. ८०८५, ८०८६, २८६, ३८६, ४८६, पेंटियम असा एकच जिना आपण फळ्यावर काढतो. प्रत्येक पायरीवर ट्रान्झिस्टर जास्त, म्हणून प्रत्येक पायरी वरची. हा एका कंपनीच्या मालाचा क्रम आहे. तो प्रोसेसरचा इतिहास नव्हे.

१९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या देशातील काही शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले होते. जुन्या शिक्षकांना ते आठवत असतील. ते तयार करणाऱ्या एकॉर्न या ब्रिटिश कंपनीने पुढच्या यंत्रासाठी स्वतःचा प्रोसेसर करायचे ठरवले. माणसे थोडी, पैसा थोडा. स्वस्त प्लॅस्टिकचे वेष्टन वापरता यावे म्हणून चिप फार तापून चालणार नव्हती. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आज्ञांची संख्या कमी ठेवून साधा आराखडा केला. एप्रिल १९८५ मध्ये चाललेल्या त्या पहिल्या ‘आर्म’ प्रोसेसरवर अवघे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षी आलेल्या ८०३८६ वर होते २,७५,०००. आपल्या जिन्यावर आर्मला जागाच नाही. पण आज आपल्या खिशातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये त्याचेच वंशज आहेत, कारण बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात वेगाइतकीच काटकसरही महत्त्वाची असते. वर ज्याचा उल्लेख केला तो एम१ देखील त्याच घराण्यातला.

वेळापत्रक आणि श्रम

मग ही रेषा पन्नास वर्षे इतकी सरळ राहिली कशी? निसर्गाने ती आखली नसेल, तर कोणी आखली?

उत्तर असे, की ती ठरवून आखली गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेतील सेमिकंडक्टर उद्योगाने पुढील पंधरा वर्षांचे तपशीलवार आराखडे प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पुढे त्यात जपान, युरोप, कोरिया आणि तैवान सामील झाले. कोणत्या वर्षी किती बारीक रेषा, त्यासाठी कोणते रसायन, कोणते भिंग, कोणत्या अडचणी, हे सगळे त्यात असे. यंत्रे करणारा, रसायने पुरवणारा आणि आराखडे काढणारा प्रत्येक जण त्या वेळापत्रकाप्रमाणे धावत असे, कारण मागे राहिलो तर स्पर्धक पुढे जाईल ही भीती होती. भाकीत उद्दिष्ट झाले, आणि उद्दिष्ट गाठले गेले म्हणून भाकीत खरे ठरले. मूर यांनीही पुढे हे मान्य केले. हा संयुक्त आराखड्यांचा प्रकल्प २०१६ मध्ये थांबला. आज ‘५ नॅनोमीटर’, ‘३ नॅनोमीटर’ अशी जी नावे ऐकू येतात, ती चिपवरच्या कोणत्याही एका मापाची नावे राहिलेली नाहीत. ती केवळ पिढीची नावे आहेत.

ओहमचा नियम कॅलिफोर्नियात जो, तोच मोहालीत. मूरच्या ‘नियमा’चे तसे नाही. मोहालीचा सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स हा आपला सरकारी कारखाना ऐंशीच्या दशकात चिपा करू लागला होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला आग लागली आणि कारखाना पुन्हा उभा राहायला वर्षे गेली. तेवढ्या काळात जगात ट्रान्झिस्टर दुप्पट-चौपट झाले, आपल्याकडे आपोआप काही झाले नाही. दुपटी घडवायला कारखाने, भांडवल, कुशल माणसे आणि सातत्य लागते. त्याच ठिकाणी, आज सेमिकंडक्टर लॅबोरेटरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झालेला ‘विक्रम ३२०१’ हा प्रोसेसर २०२५ मध्ये पुढे आला. हे तंत्र जगात नवे होते ते १९९९-२००० च्या सुमारास. पण अग्निबाणात खात्रीने चालणे हे मोबाइलमध्ये वेगाने चालण्यापेक्षा वेगळे काम आहे. त्याला जुन्या पायरीवरचा म्हणून हिणवणे जितके चूक, तितकेच त्यावरून आपण जगाच्या बरोबरीला आलो असे समजणेही चूक.

वर्गात काय करता येईल?

हा विषय वगळावा असे मला मुळीच वाटत नाही. उलट नियम, निरीक्षण, भाकीत आणि उद्दिष्ट यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. खालील आकडे फळ्यावर लिहावेत. प्रत्येक ओळीत वर्ष, प्रोसेसर, ट्रान्झिस्टरांची संख्या आणि ठोके मेगाहर्ट्झमध्ये आहेत.

१९७१ : ४००४ : २,३०० : ०.७४
१९७८ : ८०८६ : २९,००० : ५
१९८५ : ८०३८६ : २,७५,००० : १६
१९८९ : ८०४८६ : १२ लाख : २५
१९९३ : पेंटियम : ३१ लाख : ६०
२००० : पेंटियम ४ : ४.२ कोटी : १,५००
२००४ : पेंटियम ४ : १२.५ कोटी : ३,८००
२०२० : एम१ : १,६०० कोटी : ३,२००

आधी साध्या आलेखकागदावर बिंदू मांडायला सांगावे. पहिले सहा-सात बिंदू तळाला चिकटून बसतील आणि विद्यार्थी तक्रार करतील. मग उभ्या अक्षावर १०, १००, १,००० अशा दसपटी समान अंतरावर घ्यायला सांगावे. लॉगॅरिदम न शिकवताही त्याची गरज पटते. संख्येचे आणि ठोक्यांचे असे दोन आलेख शेजारी ठेवले, की २००४ नंतर एक चढतच राहतो आणि दुसरा आडवा होतो, हे मुलांना स्वतःच दिसते. मग विचारावे : २००० साली तुम्ही ठोक्यांची रेषा पट्टीने पुढे नेली असती, तर २०२० चा अंदाज काय आला असता? तो का चुकला? आणि शेवटी विचारावे : ही रेषा थांबली तर ओहमचा नियम मोडल्यासारखे होईल का? विरजणात जिवाणूंची संख्याही ठरावीक काळाने दुप्पट होते, पण दही लागले की ती वाढ थांबते. त्यात जीवशास्त्राचा कोणताही नियम मोडत नाही.

शिबिरातल्या त्या सरांना मी नंतर पत्र लिहिले आणि त्यात हा हिशेब पाठवला. मुलाचा प्रश्न बरोबर होता आणि माझा आलेख चूक होता, हेही लिहिले. त्यांचे उत्तर आले. पत्र त्यांनी वर्गात वाचून दाखवले होते. मुलाने ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला : मग ज्यांनी पन्नास वर्षे राबून ती रेषा सरळ ठेवली, त्यांची नावे पुस्तकात का नाहीत?

याचे उत्तर अजून मी दिलेले नाही.